हरणीचा रस्ता कुणी आखडला?

अंबेखोल ते शिरगाव हा रस्ता बावीस किलोमीटरांचा. चैताली गावडे पहिलीपासून त्या रस्त्याने शाळेत जात होती आणि आता ती सहावीत होती. शाळेच्या फाटकाशी उतरताना गाडीच्या काचेवर आकडा उमटायचा, बावीस. स्वतःच्या घराइतकाच तो आकडा तिच्या ओळखीचा झाला होता.

कार्तिकातल्या एका सकाळी उतरता उतरता तिचं लक्ष काचेकडे गेलं. तिथे वीस होते. तेही जेमतेम.

"हरणी, आज तू मोजायला चुकलीस," ती म्हणाली.

हरणी हे गाडीचं नाव. आठ माणसं बसतील एवढी, स्वतःची स्वतः चालणारी आणि विचारलं तर बोलणारी. घाटात पावसाळ्यात विजेचे खांब पडायचे, म्हणून ती विजेवर नव्हे तर उसापासून बनवलेल्या इंधनावर चालायची. अंबेखोलसारख्या उंचावरच्या गावांना जिल्ह्याच्या डेपोने अशा गाड्या दिल्या होत्या.

"मी चुकत नाही," हरणी म्हणाली. "काल वीस होते, परवाही वीस. दसऱ्यापासून रोज वीसच आहेत. तू आज पाहिलंस."

"मग रस्ता आखडला?"

"सटूकाका म्हणतात, घाटातलं चिंचेचं वळण सरळ केलं, त्यामुळे अंतर कमी झालं."

चैताली पायरीवरच थांबली. वळण सरळ केलेलं तिने पाहिलं होतं. पण त्या एका वळणात दोन किलोमीटर कसे मावतील? आणि दुसरीच एक गोष्ट तिला खटकली.

"रस्ता कमी झाला, तर तुला इंधन कमी लागायला हवं ना?"

"हवं," हरणी म्हणाली. मग थोडं थांबून तिने सांगितलं, "पण जास्त लागतं. पूर्वी जाऊन-येऊन चार लिटरही लागत नव्हते. आता पूर्ण चार लागतात. माझं अ‍ॅव्हरेज (एका लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर जाते तो आकडा) बारा होतं, ते जेमतेम दहावर आलंय. शनिवारी डेपोतून बिद्रेबाई येणार आहेत. तुला कुणी सांगितलं नाही का?"

चैतालीला कुणी सांगितलं नव्हतं. तिने घरी गेल्यावर विचारलं तेव्हा आईने हातातलं काम थांबवलं आणि सगळं सांगितलं. डेपोचा नियम होता. ज्या गाडीचं अ‍ॅव्हरेज महिनाभर साडेदहाच्या खाली राहील, ती घाटातून काढून सपाटीवरच्या सोप्या मार्गावर पाठवायची. त्या गावाला बदली ड्रोन द्यायचा.

"ड्रोन काय करेल?"

"औषधं आणेल, बाजार आणेल."

"मला शाळेत नेईल?"

आईने थांबवलेलं काम पुन्हा हातात घेतलं. शिरगावला वसतिगृह होतं, हे चैतालीला माहीत होतं. पहिल्यांदाच ते वसतिगृह तिला खूप जवळ आल्यासारखं वाटलं.

हरणीची देखभाल सटूकाकांकडे होती. सटुप्पा गावडे म्हणजे चैतालीचे चुलते. रोज सकाळी ते हरणीची काच पुसायचे आणि पुसता पुसता तिच्याशी भांडायचे. चैताली त्यांच्याकडे गेली तेव्हा ते गाडीखाली बॅटरी मारून कुठे गळतंय का ते शोधत होते.

"काही गळत नाही गो," ते बाहेर येत म्हणाले. "खालच्या आळीतले म्हणतात मी इंधन काढून चुलीत घालतो. चुलीत घालायला मला लाकूड मिळत नाही काय?"

"मी म्हातारी झाले असेन," हरणी म्हणाली.

"पाच वर्षांची तू. तू म्हातारी, तर मी काय म्हणायचं? आणि गेल्याच महिन्यात नवे टायर घातलेत तुला. दसऱ्याचा आहेर. तरणी झालीस तू."

ते खरंच होतं. गावाजवळच्या ओढ्यातले दगड हरणीच्या पोटाला घासायचे. म्हणून यंदा दसऱ्याला गावाने तिला मोठे, दांडगे, खोल खाचांचे टायर भेट दिले होते. झेंडूची माळ घालून, नारळ फोडून ते बसवले होते. जुन्यांपैकी एक टायर फणसाला टांगून पोरांनी झोका केला होता. तेव्हापासून हरणी ओढ्यातून डौलात जायची आणि सगळं गाव ते कौतुकाने बघायचं. ज्या भेटीचं इतकं कौतुक, तिच्यात काही खोट असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

*

शनिवारी अनुजा बिद्रे आपल्या दुचाकीवरून आल्या. त्या डेपोच्या तपासणी अभियंता होत्या. बोलणं कमी, नजर सगळीकडे. त्यांनी इंजिन तपासलं, टाकी तपासली, इंधनाची नळी तपासली. टायरवरून हात फिरवला, हवा पाहिली, मान हलवली. टायर नवे होते आणि चांगले होते.

"गाडीत दोष नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "गळती नाही, चोरीही नाही. पण अ‍ॅव्हरेज दहाच आहे. कारण सापडत नाही तोवर मला गाडी इथे ठेवता येणार नाही. आजच घेऊन जावं लागेल."

कुणी वाद घातला नाही. बाईंचा आवाज वाद घालण्यासारखा नव्हताच. त्या आज्ञा देत नव्हत्या, फक्त जे आहे ते सांगत होत्या, आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली की, किंवा गाडी लांबच्या प्रवासाला निघाली की, अंबेखोलात एक रीत होती. लिंबू कापून त्यात कुंकू भरायचं आणि ते चाकाखाली ठेवायचं. चैतालीच्या आईने देवळासमोर हरणीच्या पुढच्या चाकाखाली तसं लिंबू ठेवलं. दुचाकी मागाहून न्यायचं ठरवून बिद्रेबाई आत बसल्या.

"येते," हरणी म्हणाली. तिच्या बोलण्यातला तो शब्द ऐकून सटूकाका दुसरीकडे बघू लागले.

लिंबू चिरडलं. देवळासमोरच्या पांढऱ्या काँक्रीटवर लाल रस पसरला आणि हरणी हळूहळू निघाली. चैतालीला ती जाताना बघवेना, म्हणून तिने मान खाली घातली. खाली काँक्रीटवर एक लाल ठसा होता. त्याच्यापुढे तसाच दुसरा. मग तिसरा. लिंबाची साल टायरच्या खाचेत अडकली होती आणि चाक एकदा पुरतं फिरलं की ती जमिनीला टेकून एक ठसा सोडत होती.

हे ठसे तिच्या जुन्या ओळखीचे होते. दरवर्षी दसऱ्याला पोरं त्यांच्यावरून उड्या मारायची. यंदा दसऱ्यालाच पाऊस आला आणि ठसे धुऊन गेले, म्हणून खेळ राहिला होता. गेल्या वर्षी मात्र धावत येऊन ती एका ठशावरून थेट दुसऱ्यावर पडायची.

ती धावली आणि तिने उडी मारली. पाय ठशाच्या अलीकडे पडला.

तिने पुन्हा उडी मारली. पुन्हा वीतभर अलीकडेच.

रस्ता आखडला, आता माझे पायही आखडले की काय, असं तिच्या मनात आलं. पण तसं कसं होईल? वर्षभरात ती चांगली चार बोटं वाढली होती. फ्रॉक आखूड झाले होते, पाय नव्हे. पाय वाढले असतील आणि तरी ठसा पायाखाली येत नसेल, तर ठसाच लांब गेला असणार.

ती गाडीच्या मागे पळत सुटली. "हरणी, थांब. थांब गं."

हरणी वळणाच्या अलीकडे थांबली. बिद्रेबाई उतरल्या.

"तुमचे ठसे लांब पडतायत," चैताली धापा टाकत म्हणाली. ते वाक्य नीट झालं नाही हे तिलाही कळलं. "म्हणजे हरणीचे. गेल्या वर्षीपेक्षा."

बिद्रेबाईंनी त्या लाल ठशांच्या रांगेकडे पाहिलं. मग त्यांनी गाडीकडे वळून विचारलं, "हरणी, तू किती चाललीस हे कसं ठरवतेस?"

"चाकाचे फेरे मोजते. एक फेरा म्हणजे दोन मीटर."

"दोन मीटर हे तुला कुणी सांगितलं?"

"कारखान्यात सांगितलं. मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा."

"त्यानंतर कुणी काही सांगितलं नाही?"

"नाही."

बिद्रेबाई सटूकाकांकडे वळल्या. "टायर मोठ्या मापाचे घातलेत. डेपोला कळवलं होतं?"

"देवाला कळवलं होतं," सटूकाका म्हणाले. "नारळ फोडून. तेवढं पुरे वाटलं."

बाई पहिल्यांदा हसल्या. "मीही इंजिनात शोधत बसले. टायर चांगले आहेत एवढंच पाहिलं, केवढे आहेत ते पाहिलं नाही. टेप आणा."

दोन ठशांमधलं अंतर मोजलं. ते दोन मीटर वीस सेंटीमीटर भरलं.

"एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही," बाई म्हणाल्या. "जुना टायर आहे का?"

फणसावरचा झोका सोडून आणला. त्याला कुंकवाचं बोट लावून चैतालीने तो काँक्रीटवरून ढकलत नेला. त्याचे ठसे दोन मीटरला बोटभर जास्त अंतरावर पडले.

"दोनच हवेत ना?" तिने विचारलं.

"गाडीचं ओझं अंगावर असताना टायर थोडा दबतो. आता तो मोकळा आहे, म्हणून बोटभर जास्त. चालेल." बाई तिथेच देवळाच्या पायरीवर बसल्या. "आता तू सांग. काय झालंय?"

चैतालीने विचार केला. "चाक मोठं झालं. म्हणून एका फेऱ्यात ते जास्त पुढे जातं."

"बरोबर. चाक एकदा फिरलं की ते आपल्या परिघाएवढं (गोल वस्तूच्या कडेची पूर्ण लांबी) पुढे जातं. आता असा एक माणूस डोळ्यांसमोर आण, जो डोळ्यांवर पट्टी बांधून चालतो आणि पावलं मोजून अंतर सांगतो. एका रात्रीत त्याचे पाय लांब झाले आणि त्याला कुणी सांगितलंच नाही. तर तो काय म्हणेल?"

"आज कमी पावलं लागली." चैताली थांबली. मग सावकाश म्हणाली, "म्हणून रस्ता आखडला, असं म्हणेल."

"मी तेच म्हणाले," हरणी म्हणाली.

"पण उपग्रहाला विचारता आलं असतं ना? रस्ता तर त्याच्यावरूनच कळतो," चैताली म्हणाली.

"सपाटीवर आलं असतं," बाई म्हणाल्या. " या घाटात कडे आणि झाडं आडवी येतात, संदेश मध्येमध्ये तुटतो. तुटलेल्या ठिकाणी उपग्रहाचा हिशेब वळणं सोडून सरळ रेघ मारतो. म्हणून घाटातल्या गाड्यांसाठी डेपो चाकाचंच मोजमाप धरतो. आता हिशेब कर. शाळेला जाऊन यायला चाक साधारण वीस हजार वेळा फिरतं. हरणीने एका फेऱ्याला दोन मीटर धरले."

"चाळीस किलोमीटर."

"खरे किती?"

चैतालीने बोटाने हवेत आकडे लिहिले. "चव्वेचाळीस."

"इंधन तेवढंच, चार लिटर. चाळीस भागिले चार, दहा. चव्वेचाळीस भागिले चार?"

"अकरा." साडेदहाची रेघ चैतालीच्या डोळ्यांपुढे आली. अकरा तिच्या वर होते. तिने आईकडे पाहिलं. आईच्याही ते लक्षात आलं होतं.

सटूकाकांनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे टायरने काहीच बिघडवलं नाही. नुसता मोजण्याचा घोळ."

"अर्धाच घोळ," बिद्रेबाई म्हणाल्या. "पूर्वी बारा होतं. आता अकरा आहे, बारा नाही. दोनांतला एक खोटा तोटा होता, दुसरा खरा आहे. तो कुठे गेला?"

बाईंनी चैतालीला विचारलं, "शाळेत लोखंडी चक्री आहे? पोरं बसतात, एक जण फिरवतो, ती?"

"आहे."

"सगळी पोरं कडेला बसली तर ढकलायला सोपी की मधे गोळा झाली तर?"

"मधे. कडेला बसली की सुरुवातीला हलतच नाही."

"पोरं तीच, वजन तेच, तरी असं. याचं कारण जडत्व (वस्तूचा आहे त्याच स्थितीत राहण्याचा हट्ट). फिरणाऱ्या वस्तूत वजन जितकं कडेला, तितका तिचा हट्ट जास्त. टायर म्हणजे चाकाची कडच. हे टायर जुन्यांपेक्षा जड आहेत. घाटात प्रत्येक वळणावर हरणी हळू होते आणि पुन्हा वेग घेते. दर वेळी ही जड कड नव्याने फिरवावी लागते."

"आणि या खाचा?" सटूकाकांनी विचारलं. आता त्यांनाही राहवत नव्हतं.

"रबर जमिनीला टेकलं की दबतं, सुटलं की पुन्हा फुगतं. दर फेऱ्याला हे चालूच. त्यात थोडी शक्ती जाते आणि टायर कोमट होतो. खोल खाचांमधले रबराचे जाड गट्टू जास्त वळवळतात, म्हणून जास्त शक्ती खातात. तिसरी गोष्ट चढाची. चैताली, तुझ्याकडे गिअरची सायकल आहे?"

"दादाची आहे. जड गिअर टाकला की एका पायडलमध्ये लांब जाते, पण चढावर पाय भरून येतात."

"मोठं चाक म्हणजे तसाच जड गिअर. इंजिनाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण प्रत्येक फेरा ओढायला जास्त जोर लागतो. सपाट महामार्गावर एकसारखं जायचं असेल तर त्यात कधी फायदाही होतो. तुमच्या घाटात होत नाही."

हरणी म्हणाली, "बाई, घाटात वेगाची मर्यादा चाळीसची आहे. मी चाळीसनेच जात होते. पण वेगही मी फेऱ्यांवरूनच काढते."

"हो. तू खरी चव्वेचाळीसने जात होतीस."

"महिनाभर," हरणी म्हणाली. "पोरं आत बसलेली असताना."

यावर विनोद करायला सटूकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "चूक माझी," ते म्हणाले. "टायरचे हे बूट मी आणले, माप मी सांगायला हवं होतं."

बिद्रेबाईंनी हरणीच्या दाराआडची झडप उघडून नवा आकडा भरला, दोन मीटर वीस. मग त्या ओढ्याकडे चालत गेल्या आणि दगड पाहून आल्या. "चाकाचा परीघ वीस सेंटीमीटरने वाढलाय, पण गाडी उचलली गेली ती तीनच सेंटीमीटर. दोन बोटं. तरी ओढ्याला तेवढी दोन बोटं पुरतात असं दिसतंय, म्हणून उंची हीच ठेवा. याच मापाचे, पण हलके आणि उथळ खाचांचे टायर मी डेपोतून पाठवते. ते बसले की पुन्हा मोजायचं."

"आणि हरणी?" चैतालीने विचारलं.

"हरणी इथेच. माझ्या अहवालाला कारण हवं होतं, ते सापडलं." त्या दुचाकीवर बसल्या. निघता निघता त्यांना काहीतरी आठवलं. "मंगळावर एक गाडी पाठवली होती. तिच्या चाकांना मुद्दाम खाचा पाडल्या होत्या. वाळूत त्यांचे ठसे पडायचे आणि ते पाहून ती गाडी खरी किती चालली हे ताडता यायचं. तिथे लिंबू नव्हतं, एवढाच फरक."

*

सोमवारी चैताली पुढच्या आसनावर बसली. हरणी घाट उतरली, सावकाश, पूर्वीपेक्षा जरा जास्तच जपून. चिंचेच्या सरळ केलेल्या वळणावरून गेली. शाळेच्या फाटकाशी दोघींनी एकदमच काचेकडे पाहिलं.

एकवीस किलोमीटर आणि नऊशे मीटर.

"बावीस का नाहीत?" चैताली म्हणाली आणि लगेच तिचं तिलाच उत्तर सापडलं. "ते शंभर मीटर वळणाचे."

"म्हणजे काकाही थोडे खरे होते," हरणी म्हणाली. "शंभर मीटरांपुरते. त्यांना सांगू नकोस, महिनाभर सांगत बसतील. आणि मग अ‍ॅव्हरेजही पूर्ण अकरा नाही, अकराला किंचित कमी आहे. ते मात्र बाईंना कळवायला हवं."

"साडेदहाच्या वर आहे ना?"

"आहे."

चैताली उतरली नाही. हरणीनेही दार उघडायची घाई केली नाही.

"महिनाभर मी रोज चार किलोमीटर चालत होते, जे मला ठाऊकच नव्हते," हरणी म्हणाली. "वाटत होतं, माझ्याकडून काही होत नाही. खरं म्हणजे मी जास्तच जात होते."

शाळेची घंटा झाली. चैतालीने दप्तर उचललं, पायरीवर पाय ठेवला आणि पुन्हा मागे वळली.

"हरणी, बाई म्हणाल्या ओझ्याखाली टायर दबतो. मग हवा कमी झाली तर तो आणखी दबेल. म्हणजे तुझा दोन मीटर वीसचा आकडाही रोज तोच राहणार नाही."

हरणी थोडा वेळ हिशेब करत राहिली. "हे मला कारखान्यात सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी गेल्यावर आईला विचार, कुंकू उरलंय का."